गिऱ्ह्याची शेंडी

उत्कर्षाला भीती वाटत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. मला मात्र ती लहान होती तेव्हापासून याच गोष्टीची काळजी वाटत आली आहे. भित्रं मूल रस्ता ओलांडताना आईचा हात आपणहून धरतं. न भिणाऱ्या मुलाचा हात आईलाच घट्ट धरून ठेवावा लागतो.

आज संध्याकाळी मी तिला पालघरच्या डेपोवर साताऱ्याच्या रातराणीत बसवून आले. तिच्या मांडीवर पोळ्यांचा जुना स्टीलचा डबा होता, आणि डब्यात मऊ धोतराच्या कापडात गुंडाळलेला गिऱ्हा. उद्या सकाळी ती तो एका म्हाताऱ्या मास्तरांसमोर ठेवेल आणि जी चूक तिनं केलेली नाही ती आपलीच आहे, असं सांगेल. ती हे सांगेल, याची मला खात्री आहे. त्यानंतर तिच्या हातात कुणी काही दुरुस्तीला देईल का, याची नाही. घरातले झोपले आहेत. मला झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, पाथर्डीकडचे. उत्कर्षाचे बाबा बोईसरला लोखंडाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही इथलेच झालो. उत्कर्षा इथेच वाढली. एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना आवाजाची सवय असते, पण ती दुसरीत असताना एकदा असा स्फोट झाला की आमच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या थरथरल्या. सगळी इमारत जिन्यानं खाली पळाली. मी हिला शोधते, तर ही गॅलरीत, स्टुलावर उभी.

"आई, धूर बघ. खाली काळा आहे, पण वर हिरवा आहे."

मी तिला काखोटीला मारून खाली आणली. खाली आल्यावर ती रडली, पण भीतीनं नाही. वरचा रंग पुढे कसा होत गेला, ते बघायचं राहिलं म्हणून.

पुढे तिनं पालघरला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यात शेड जुळवण्याच्या कामाला लागली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं आणि म्हणतं, हाच रंग हवा. हाच म्हणजे हाच. उत्कर्षा दिवसभर ते जुळवत बसते. तिच्यामुळे मला कळलं की काळा म्हणून काही रंगच नसतो. कुणाचा काळा निळ्यातून आलेला असतो, कुणाचा तपकिरीतून.

तिच्या शेजारच्या टेबलावर हितेश नावाचा मुलगा बसायचा. त्याला भुताखेतांच्या मूर्ती जमवायचा नाद. देवांच्या नव्हेत, राक्षसांच्या, पिशाचांच्या, कबरीतून उठलेल्यांच्या. परदेशात म्हणे अशा मूर्ती मोजक्याच काढतात, साचा मोडून टाकतात, आणि मग जगभरातले शौकीन त्यांच्या मागे लागतात. एखाद्याचा पहिल्या खेपेचा रंग वेगळा असला, एखाद्याला चुकून सहा बोटं आली, तर त्याला सोन्याचा भाव. हितेशच्या एका जपानी राक्षसाचा हात त्याच्या भाचीनं मोडला. तो बिचारा जेवेना. उत्कर्षानं हात जोडून दिला आणि सांध्यावर रंग भरला. हितेशनं भिंग लावून पाहिलं, त्याला सांधा सापडेना. तेव्हापासून हे सुरू झालं.

आधी सुरतेहून पार्सल आलं. मग इंदूर, बेंगळुरू, कोलकाता. ही माणसं देशभरात विखुरलेली, पण सगळी एकमेकांना ओळखणारी. एकाकडून बातमी निघाली की रात्रीपर्यंत सगळ्यांना कळते. येत्या दिवाळीनंतर कारखाना सोडायचा आणि हेच काम पूर्ण वेळ करायचं, असं तिनं ठरवून टाकलं. आम्हाला विचारलं नाही, सांगितलं.

आमच्या घरातली एक खोली भुतांची झाली. शेजारी त्याला 'भुतांचा दवाखाना' म्हणायला लागले. कुरिअरवाला खालूनच ओरडायचा, "डॉक्टर ताई, पेशंट आया है! सिर अलग है, बॉडी अलग है!"

या सगळ्यात माझ्या सासूबाईंची मात्र पंचाईत झाली. मी त्यांना आत्याबाई म्हणते, नाव सोजराबाई. वय ऐंशीच्या घरात, कान थोडे मंद, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकू येतं. नातीवर जीव. त्यांनी या पाहुण्यांशी एक तह केला होता. दिवेलागणीला कपाटावर त्यांचं जुनं लुगडं टाकायचं, म्हणजे देवासमोर दिवा लागताना भुतांची नजर पडणार नाही. सकाळी लुगडं काढायचं. हे काम त्या स्वतः करायच्या आणि करताना एकेकाला दटावायच्या.

"ए दातऱ्या, मागं सर. लई पुढं आलाय आज."

"आजी, तो कालच बरा झालाय. त्याला ओरडू नको."

"बरा झालाय तर घरला लाव की त्याच्या. फुकटचा ऱ्हातोय हितं."

गणपती झाल्यावर साताऱ्याहून पुंडलिक मास्तर आले. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातले. त्यांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, डब्यातून कापडाची गुंडाळी, आणि ती टेबलावर उलगडली.

एका वितीएवढा, उकिडवा बसलेला, शेवाळी अंगाचा प्राणी होता. बोटांमध्ये बदकासारखे पडदे. एका हातात मासा. डोळ्यांच्या जागी शिंपल्याचे तुकडे, त्यामुळे खोलीत कुठंही उभं राहा, तो ओलसर नजरेनं बघतोय असं वाटे. डोक्यावर घोड्याच्या केसांची शेंडी, ती मुळातून सैल झालेली.

"गिऱ्हा," मास्तर म्हणाले. "पाण्यातलं भूत."

गोष्ट अशी होती. फार पूर्वी एक गणपती करणारा कारागीर होता. गावोगाव फिरणाऱ्या एका जादूगारानं त्याच्याकडून तंबूच्या दारात मांडायला सात भुतं करून घेतली. वेताळ, खवीस, मुंजा, समंध, हडळ, झोटिंग आणि गिऱ्हा. आत पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वर शाडू, त्यावर पाण्याला सहज दाद न देणारा तेलरंग. गणपतीला जेवढा जीव लावावा तेवढाच त्यानं यांना लावला होता. जादूगार मेला, तंबू मोडला, भुतं पांगली. मास्तरांचे वडील त्या तंबूत पडदा ओढायचे, आणि लहानपणी मास्तर त्या सात जणांच्या पायाशी झोपायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्यांना शोधायला सुरुवात केली. चार मिळाले. गिऱ्हा पाचवा. मालवणकडच्या एका घरात तांदळाच्या कणगीत सापडला. शौकिनांनी त्याचे फोटो पाहिले तेव्हापासून मास्तरांचा फोन थांबत नव्हता, पण त्यांना विकायचा नव्हता.

"याला नवा करू नकोस पोरी," ते म्हणाले. "मला मेकअप केलेला म्हातारा नको. म्हातारा ठणठणीत हवा."

"शेंडी बसवते, भेगा भरते. रंगाला हात लावायचा झाला तर आधी तुम्हाला विचारेन," उत्कर्षा म्हणाली.

मास्तर जेवायला थांबले. आत्याबाईंनी त्यांना तव्यावरून गरम भाकरी वाढली आणि गावाकडची विचारपूस केली. निघताना मी म्हटलं, काही लिहून द्यायचं का? मास्तर हसले. "वहिनी, लिहून कसलं द्यायचं? पोरीच्या हातात दिलाय. हा नीट झाला की बाकीचे चौघे पण तिच्याकडेच आणणार. माझ्यानंतर त्यांना सांभाळणारं कुणीतरी पाहिजे."

ते गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मानूस भला हाय. पर असा भुतं घिऊन का हिंडतो?"

गिऱ्हा आल्यावर आठवडाभरात उत्कर्षाला ताप भरला.

बोईसरमध्ये त्या दिवसांत घरोघरी डेंग्यू होता. ते डॉक्टरला माहीत, मला माहीत, उत्कर्षाला माहीत. आत्याबाईंच्या हिशेबात मात्र ओल्या डोळ्यांचं ते भूत आलं आणि पोर आडवी झाली. पेशी कमी झाल्या म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं, मी तिच्याजवळ राहिले. हे दुसऱ्या पाळीला. घरात आत्याबाई एकट्या, आणि सर्वपित्री अमावास्या.

त्यांनी काय केलं ते नंतर कळलं. गिऱ्ह्याला आपल्या लुगड्याच्या हिरव्या तुकड्यात घेतला. आमच्याकडे दवाखान्यात यायची सोय नव्हती, म्हणून उत्कर्षाच्या रिकाम्या पलंगावरच्या उशीवरून त्याला उतरवला. सोबत भात, लिंबू, हळदीकुंकू. गुडघे दुखत असताना काठी टेकत तीन मजले उतरल्या आणि दिवस मावळताना नाक्यापुढच्या तिठ्यावर उतारा ठेवून आल्या. मागं वळून पाहिलं नाही. घरी येऊन पाय धुतले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की उतरवलेलं परत येतं.

आणि दुसऱ्या दिवशी उत्कर्षाचा ताप उतरला. आता त्यांना कोण समजावणार?

उत्कर्षा घरी आली, अंगात त्राण नाही, तरी आधी त्या खोलीत गेली. जरा वेळानं तिनं हाक मारली, "आई, गिऱ्हा कुठंय?"

मी दिवाणाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं. आत्याबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घालवला त्याला."

"घालवला म्हणजे?"

"म्हंजी घालवला. तिठ्यावर. तुझा ताप घिऊन गेला तो. आता त्याचं नाव काढू नगंस."

मला वाटलं उत्कर्षा आता ओरडेल. ती आजीच्या शेजारी जमिनीवर बसली. लसणाची एक पाकळी उचलून म्हणाली, "आजी, जिना उतरून गेलीस? गुडघा नाही दुखला?"

"दुखला की. अजून दुखतोय."

मग ती उठली आणि आम्ही दोघी तिठ्यावर गेलो. लिंबू होतं, चिखल झालेला भात होता. गिऱ्हा नव्हता. कोपऱ्यावर आनंदाची पानाची टपरी आहे. तो म्हणाला, "काल दुपारपर्यंत होता ताई. कोण हात लावणार त्याला? झाडूवाल्यानं पण तेवढी जागा सोडून झाडलं. ट्रकवाले लांबून वळसा घेऊन जात होते. खरं सांगू? त्याच्याएवढा इथं कुणी हवालदाराला पण मानत नाही."

"मग गेला कुठं?"

"जेवायला घरी गेलो, येऊन बघतो तर नाही. आपणच चालत गेला असेल." तो हसला, मग उत्कर्षाचा चेहरा बघून पान लावायला वळला.

पुढचे दिवस तिनं सगळा नाका पालथा घातला. भंगारवाले, रिक्षावाले, कचऱ्याची गाडी. हितेशनं गिऱ्ह्याचा फोटो शौकिनांमध्ये फिरवू का विचारलं. ती नको म्हणाली. फोटो फिरला तर मास्तरांना हे तिच्या तोंडून कळायच्या आधी दुसऱ्याच्या तोंडून कळेल. रविवारी मास्तरांचा नेहमीसारखा फोन आला.

"काय म्हणतो आमचा गिऱ्हा?"

"काका, मी आजारी होते. त्याच्याबद्दल भेटून सांगते."

फोन ठेवून ती कामाला बसली. रंगाच्या बाटलीचं झाकण उघडत होती. मी दारातून बघत होते. झाकण निघत नव्हतं, कारण ती ते उलटं फिरवत होती. बराच वेळ.

गुरुवारी बायडी आली. बायडी सातपाटीची. वर्षानुवर्षं आमच्या इमारतीत मासळी घेऊन येते. जिन्यात पाटी उतरवायची, आत्याबाईंनी भाव पाडायचा, तिनं पाटी परत डोक्यावर घ्यायचं सोंग करायचं, आणि मग दोघींनी चहा प्यायचा, हा ठरलेला खेळ. आत्याबाई स्वतः माळकरी, मासळीला शिवत नाहीत, पण भाव पाडायला त्यांना आवडतं.

त्या दिवशी बायडी बसता बसताच म्हणाली, "आवो बाय, तुमच्या नाक्यावर कोन येडा ऱ्हातो? गिऱ्ह्याला तिठ्यावर ठेवून गेला!"

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"गिऱ्हा पान्यातला. त्याला रस्त्यावर ठेवतात काय? उतारा हाय, हात लावू नये, मला काय समजत नाय? पन उधानाचं दिस. माझा पोरगा देवू दर्यात. आनि ह्यो हिथं कोरडा पडलेला. रागानं उठला तर कोनाच्या होडीमागं जाईल? मी नारळ कबूल केला, त्याला पाटीत घातला, बोंबलाखाली, आनि नेला घरी. खाडीत सोडला."

"सोडला?" उत्कर्षा दारात उभी होती.

"सोडला तर! भरतीला परत आला. मी बोलली, चुकून आला असल. दुसऱ्या दिशी ओहोटीला सोडला. संध्याकाळी परत दारात. तिसऱ्या येळेला देवूला सांगितलं, बोटीतून लांब नेऊन टाक. त्यानं टाकला. सकाळी बगते तर चिखलात बसलेला, माझ्याकडं बगतोय!"

पांगाऱ्याचं लाकूड. बुचासारखं हलकं. पण ते त्या वेळी माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही. अंगावर काटा आला.

"मंग मी त्याचं टाळकं बगितलं," बायडी आवाज खाली आणून म्हणाली. "शेंडी नाय. भोक हाय, शेंडी नाय. तवा समजलं. आमच्यात म्हनतात, गिऱ्ह्याची शेंडी ज्याच्या हातात, गिऱ्हा त्याचा. तो शेंडीसाठी परत परत येनार. बाय, या नाक्यावर कोनीतरी त्याची शेंडी लपवून ठेवलीय. आनि," तिनं कमरेचा हिरवा तुकडा काढून आत्याबाईंपुढे टाकला, "ह्यो कापड या म्हातारीच्या लुगड्याचा हाय. मी धा वर्सं बगते. बोल म्हातारे, शेंडी कुठाय?"

आत्याबाईंनी तो तुकडा उचलून पदराखाली घेतला.

उत्कर्षा आत गेली आणि काडेपेटी घेऊन आली. आजारी पडायच्या आधी तिनं शेंडी धुवायला काढली होती. काडेपेटी उघडली. आत कापसावर काळ्या केसांचा झुबका.

बायडीनं दोन्ही हात जोडले. मग लगेच कडाडली, "पोरी, तुला काय कामधंदा नाय? त्याची शेंडी त्याला दे आधी!"

"देते मावशी. तो कुठंय?"

"वलांडीला बांदलाय. परत नको फिरायला."

आम्ही तिच्याबरोबरच सातपाटीला गेलो. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायच्या आडव्या काठ्या. किनाऱ्यावर त्यांच्या रांगाच्या रांगा, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते, आणि त्यांच्या मधोमध नायलॉनच्या दोरीनं बांधलेला, ज्याच्यासाठी अर्ध्या देशातले शौकीन मास्तरांना फोन करत होते तो गिऱ्हा. हातात अजून त्याचा मासा होता. उत्कर्षानं दोरी सोडली, त्याला ओढणीत घेतला आणि तिथंच वाळूत बसून राहिली. बायडीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परत येताना खाडीचं पाणी ओसरलं होतं. चिखल उघडा पडला होता, त्याच्यावर उन्हाची तिरीप. उत्कर्षा एकदम म्हणाली, "आई, हाच तो हिरवा. तापाच्या आधी मी आठवडाभर जुळवून बघत होते, जुळत नव्हता. त्या माणसानं हा चिखल बघून केलाय."

घरी आल्यावर तिनं त्याला गोड्या पाण्याच्या फडक्यानं कितीतरी वेळा टिपला, मीठ काढलं, सावलीत वाळवला. शेंडी बसवली. पण डावा गाल आणि खांद्यावरचा रंग गेला होता, नाकाचा शाडू बसला होता. पुन्हा यायचा नव्हता तो.

जेवताना हे म्हणाले, "रंगवून टाक ना. तुझी शेड कुणाला ओळखू येते का? मास्तरांना काय कळणार आहे?"

"बाबा, म्हणूनच नाही रंगवायचं."

"आन वास?" आत्याबाई म्हणाल्या. "बोंबलाचा वास येतोय त्याला. त्याला कंचा रंग लावणार?"

सगळे हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग उत्कर्षानं शांतपणे सांगितलं की ती साताऱ्याला जाऊन गिऱ्हा जसा आहे तसा मास्तरांच्या हातात देणार. कसा बाहेर गेला विचारलं तर सांगणार की माझ्या हलगर्जीनं गेला.

"खोटं कशाला?" मी म्हटलं.

"काका आपल्या घरी जेवलेत. आजीनं त्यांना भाकरी वाढली आहे. त्यांच्या मनात आजी तशीच राहू दे. आई, तू मध्ये पडू नकोस."

"मग तुझं काय? ते बाकीचे चौघे? ही माणसं एकमेकांना सांगतात. हलगर्जी म्हटल्यावर तुझ्याकडे कोण पाठवेल?"

"बघू," ती म्हणाली. गॅलरीत स्टुलावर उभी असलेली तीच मुलगी.

आत्याबाईंना ऐकू गेलं होतं. रात्रीची भांडी आवरताना त्या माझ्याजवळ आल्या. "मला त्या मास्तरला फोन लावून दे. म्या केलं ते म्या सांगती. चोरी केली का काय?"

मी म्हटलं, उद्या बघू. तो उद्या मी तीन दिवस टाळला. कारण मला माहीत होतं त्या काय बोलतील. माफी मागणार नाहीत. म्हणतील, मास्तर, तुमच्या भुतानं माझी नात धरली होती, मी उतरवलं, ती उठली. मास्तर शिकलेले, शांत, आयुष्यभर त्या सात जणांना शोधणारे. त्यांना हे कसं वाटेल? उत्कर्षानं जे झाकायचं ठरवलं ते उघडं पडेल आणि वर राग येईल, असं वाटत राहिलं. म्हणून मी गप्प बसले आणि तिला डेपोवर सोडायला गेले.

बस सुटायला आली होती. ती खिडकीजवळ बसली, डबा मांडीवर. मी नेहमीचं सांगत होते, पाणी आहे ना, शाल घे, पोहोचलीस की फोन कर. ती ऐकत नव्हती. डब्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"आई, काका रागावतील का गं?"

मी उत्तर देईपर्यंत बस वळली.

एवढ्या वर्षांत तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिला भीती वाटत नाही. तिला वाटते. आणि हात धरायला ती सगळ्यात आधी माझाच शोधते, हे मला आज कळलं.

पुंडलिक मास्तर पहाटे उठतात, तेच जेवताना सांगत होते. चहा करून अंगणात बसतात, उजाडायची वाट बघत. बस साताऱ्यात शिरायच्या आत त्यांना फोन लागायला हवा. आधी मी बोलेन. सांगेन की गिऱ्हा उत्कर्षाच्या हातून गेला नाही, ती दवाखान्यात होती. आमच्या घरातून गेला, आणि सातपाटीच्या एका बाईनं तो तिच्या मुलाच्या जिवासाठी उचलला. मग फोन आत्याबाईंना देईन. त्या जे बोलतील ते बोलू देत. ज्या माणसाचं लहानपण वेताळ-मुंजाच्या पायाशी गेलं, त्याला कदाचित त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त कळेल. नाही कळलं तरी खरं त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असेल, आणि उत्कर्षाला ते एकटीनं उचलावं लागणार नाही.

उत्कर्षा चिडेल माझ्यावर. चिडू दे.

आत्याबाईंच्या खोलीतला दिवा लागला आहे. त्या जाग्याच होत्या. मी मास्तरांचा नंबर काढून ठेवला आहे. बाहेर पहिल्या पाळीची बस भोंगा देत गेली. लावते.